भाद्रपदात आंब्याचा वास

प्रश्न

डॉक्टरबाई, नमस्कार.

आम्ही अकरा वर्षं इंग्लंडमध्ये आहोत. यंदा चवथ मुलाच्या शाळेच्या सुट्टीत आली म्हणून तिघेही गोव्यात, फोंड्याजवळच्या आमच्या घरी आलो. मुलगा पंधरा वर्षांचा. आल्यापासून त्याचं काहीतरी बिनसलेलं होतं. जेवणात लक्ष नाही, हाक मारली की वस्सकन अंगावर यायचा, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा. आम्हाला वाटलं प्रवासाचा शीण असेल, उकाडा असेल. घुमट आरती सुरू असताना मधेच उठून परसात गेला, तेव्हाही मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई त्याच्या खोलीत चादर बदलायला गेल्या आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "गो, आतां आंबे खंय आयले?" खोलीभर पिकल्या आंब्याचा वास. भाद्रपदात! उशीखाली हायलायटर पेनाएवढी जांभळी वस्तू होती. त्यांना ती काय ते कळलं नाही, मला कळलं. ती व्हेप होती, बॅटरीवर चालणारी ई-सिगरेट.

दोनच महिन्यांपूर्वी मी त्याला सरळ विचारलं होतं, "तू सिगरेट ओढतोस का रे?" माझ्या डोळ्यांत बघून तो "नाही" म्हणाला. त्या खोटेपणाने मी जास्त खचले आहे. यजमान म्हणतात दोन ठेवून देऊ आणि फोन काढून घेऊ. दीर म्हणतात या वयात पोरं करतातच, विषय सोड. त्याला आम्ही अजून काही बोललेलो नाही, वस्तू होती तिथेच ठेवली आहे. नऊ दिवसांनी परतीचं विमान आहे. काय बोलू आणि कसं बोलू?

— एक आई

उत्तर

आधी तुमच्या मनातलं सल काढते. तुमचा मुलगा बहुधा खोटं बोललेला नाही. तुम्ही सिगरेटबद्दल विचारलंत, त्याने सिगरेटबद्दल उत्तर दिलं. आपल्या भाषेत विडी ओढणं, तंबाखू खाणं, तपकीर ओढणं, मशेरी लावणं या सगळ्याला नावं आहेत आणि प्रत्येक नावाला थोडी लाज चिकटलेली आहे. व्हेपला अजून तशी लाज चिकटलेली नाही. तिथे राख नाही, काडेपेटी नाही, कपड्यांना तो ओळखीचा वास नाही. मुलांच्या हिशेबात ते "ओढणं" नव्हेच. काही वर्षांपूर्वी मी इथल्या एका शाळेत तंबाखूवर बोलायला गेले होते. जबड्याच्या कर्करोगाची चित्रं दाखवली, मुलांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, परिणाम झाला. बाहेर पडताना नववीतला एक मुलगा जवळ आला आणि अगदी मनापासून विचारू लागला, "डॉक्टर, पण त्यात तंबाखू नसतेच ना?" तासभर बोलून मी त्याच्या प्रश्नाच्या आसपासही गेले नव्हते. तेव्हापासून मी चित्रं नेत नाही.

त्या मुलाचं म्हणणं अर्धं खरं होतं. व्हेपमध्ये तंबाखूचं पान नसतं, पण तंबाखूची ओढ लावणारं निकोटिन बहुतेकांत असतं. आत प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचं घट्टसर द्रव, त्यात निकोटिन आणि वासाची रसायनं. तोंडाने ओढलं की बॅटरीवर तापलेली तार ते द्रव क्षणात उडवते. मुलं याला "पाण्याची वाफ" म्हणतात. ती पाण्याची वाफ नव्हे, द्रवाचे बारीक कण असतात. तार जास्त तापली की त्यात फॉर्माल्डिहाइडसारखी रसायनं तयार होतात आणि तारेतले निकेल, क्रोमियम यांसारखे धातूही थोडेफार उतरतात.

जुन्या विडीला निसर्गाचा एक अडसर होता. पहिल्या झुरक्याला ठसका लागायचा, डोळ्यांत पाणी यायचं, निम्मी पोरं तिथेच थांबायची. आता निकोटिनमध्ये बेन्झोइक आम्ल मिसळून त्याचं क्षार करतात. मग जास्त निकोटिनही घशाला न खवखवता आत जातं. वर आंब्याचा, पुदिन्याचा, बबलगमचा स्वाद. ठसका गेला, म्हणजे शरीराची पहिली सूचनाच गेली.

मुलाला हिशेब करून दाखवायचा असेल तर हा दाखवा. इंग्लंडमधल्या कायद्याने एका टाकीत जास्तीत जास्त २ मिलिलिटर द्रव आणि एका मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटिन चालतं. म्हणजे टाकीत ४० मिलिग्रॅम. एका सिगरेटमधून शरीरात साधारण एक ते दोन मिलिग्रॅम जातं. व्हेपमधलं सगळं अंगात मुरत नाही हे धरलं, तरी एक टाकी म्हणजे पाकीटभर सिगरेटींच्या जवळपास जाते. आणि सिगरेट विझते, तेव्हा ती संपली हे माणसाला कळतं. ही वस्तू खिशात असते, उशीखाली असते, एक झुरका मारून परत ठेवता येते. दिवसात किती झाले याचा पत्ता मुलालाही नसतो.

आता त्याच्या चिडचिडीकडे वळू. निकोटिन फुप्फुसांतून काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि उतरतंही लवकर. उतरलं की माणूस बेचैन होतो, झोप लागत नाही, लक्ष टिकत नाही, साध्या बोलण्याचा राग येतो. पंचविशीपर्यंत मेंदूची घडण सुरूच असते, त्यामुळे या वयात ही सवय मोठ्या माणसापेक्षा लवकर आणि घट्ट बसते. तुमचा मुलगा घरच्या माणसांनी भरलेल्या वाड्यात, संपत आलेली एक वस्तू पुरवून-पुरवून वापरत असावा. आरतीतून उठून परसात जाणं हा उद्धटपणा असेल असं मला वाटत नाही. त्याला राहवलं नसणार.

म्हणून तुम्ही त्याला विचारायचा पहिला प्रश्न "कुणी शिकवलं?" हा नको. "पैसे कुठून आणलेस?" हाही नको. दोन्ही प्रश्नांत मुलगा मित्राला वाचवायला उभा राहतो आणि मग तुम्ही दोघं पोलीस-चोर होता. माझ्या दवाखान्यात मी एकच विचारते: सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कधी लागते? डोळे उघडल्यापासून पाच मिनिटांत हात तिकडे जात असेल तर सवय घट्ट आहे. अर्ध्या तासाच्या आत असेल तरीही मुलाला एकट्याच्या जोरावर सोडणं जड जाईल, डॉक्टरांची मदत लागेल. शाळा सुटल्यावर मित्रांबरोबरच होत असेल, घरी दोन दिवस आठवणही येत नसेल, तर तुमच्यासमोर निकोटिनपेक्षा मैत्रीचा प्रश्न आहे आणि त्याचं औषध वेगळं. या एका उत्तरावरून पुढची वाट ठरते. शिवाय या प्रश्नात आरोप नाही, त्यामुळे मुलं याचं उत्तर खरं देतात.

बोलायला समोरासमोर बसू नका. जेवणाच्या टेबलावर तर नकोच, तिथे काका, आत्या, सगळे कान लावून असतात. गणपती पोचवून झाले असतील, घरात पुन्हा मासळी सुरू झाली असेल. सकाळी त्याला घेऊन फोंड्याच्या बाजारात मासे आणायला जा. गाडीत दोघांची नजर रस्त्यावर असते, बाहेर पाऊस, वायपर सुरू. अवघड बोलणं तिथे सोपं जातं. यजमानांना त्या दिवशी घरी ठेवा. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण थोबाडीत खाल्लेला मुलगा व्हेप सोडत नाही, लपवायची जागा बदलतो. फोन काढून घेतलात तर अडचणीत तुम्हाला कळवायचं साधनही गेलं.

सुरुवात साधी ठेवा: "तुझ्या उशीखाली काय आहे ते मी पाहिलं. मी ओरडायला आलेले नाही. मला एवढंच सांग, सकाळी पहिल्यांदा कधी लागते?" आणि मग गप्प बसा. आपल्याला हे गप्प बसणं फार जड जातं. मासळी बाजार येईपर्यंत तो बोलला नाही तरी चालेल.

भाषेचंही सांगते, कारण परदेशातल्या घरांत मला हे वारंवार दिसतं. घरात मराठी उरते ती "अभ्यास कर", "फोन ठेव", "किती वेळ झाला" यांच्यापुरती. मुलाच्या कानाला मराठी म्हणजे बोलणी खाण्याची भाषा होऊन बसते. त्या दिवशी तो इंग्रजीत बोलला तर बोलू द्या, मधे शब्द सुधारू नका. तुम्ही मात्र मऊ मराठीत बोला. आई याही गोष्टीवर मराठीत शांतपणे बोलू शकते, हे त्याने ऐकायला हवं.

तो वाद घालील, त्याची तयारी ठेवा. इंग्लंडमधला मुलगा हमखास म्हणेल, "तिथले सरकारी डॉक्टरच व्हेप द्या म्हणतात." हे खोटं नाही. सिगरेट सुटत नसलेल्या मोठ्या माणसांना तिथली आरोग्यसेवा सिगरेटऐवजी व्हेप घ्यायला सांगते, कारण सिगरेट त्याहून पुष्कळ घातक आहे. पण त्याच देशाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांनी बरोबरीने हेही बजावलं आहे की जो सिगरेट ओढत नाही त्याने व्हेपला हात लावू नये, आणि मुलांना ते विकायला बघणं निषेधार्ह आहे. बुडणाऱ्याला फळकूट देतात, म्हणून काठावर उभ्या असलेल्याला पाण्यात ढकलत नाहीत. मुलाचं बोलणं आधी मान्य करा, मग हे सांगा. "कुठून वाचलंस हे भलतंच?" म्हणालात तर तो लगेच वाचून दाखवील आणि तुम्ही हराल.

"सगळेच करतात" हे दुसरं. सगळे करत नाहीत. इंग्लंडमध्ये २०२३ साली ११ ते १५ वयाच्या मुलांत व्हेप ओढणारे ९ टक्के निघाले, म्हणजे दहातले नऊ ओढत नाहीत. अमेरिकेत २०१९ मध्ये वरच्या वर्गांतल्या मुलांत हे प्रमाण २७.५ टक्क्यांवर गेलं होतं, ते २०२४ मध्ये ७.८ टक्क्यांवर आलं. मुलं सोडतात, हा त्या आकड्यांचा अर्थ.

नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारे भीतीचे संदेश त्याला पाठवू नका, हे मी हात जोडून सांगते. "व्हेपने फुप्फुसाचं पॉपकॉर्न होतं" हा त्यातला नेहमीचा. त्यात ज्या रसायनाचं नाव येतं त्या डायअसिटिलवर ब्रिटनमध्ये २०१६ पासून व्हेपच्या द्रवात बंदी आहे. मुलगा दोन मिनिटांत ते शोधून काढतो आणि मग तुमच्या खऱ्या बोलण्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

घाबरावं असं जे खरोखर आहे ते वेगळं आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये फुप्फुसांच्या अचानक आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यांत ६८ मृत्यू. दोष मुख्यतः सापडला तो गांजाच्या अर्काच्या, चोरून विकल्या जाणाऱ्या भरणीत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटमध्ये. आणि तुमच्या जवळची गोष्ट: २०२४ मध्ये बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या ३८ शाळांत जप्त झालेली व्हेप तपासली. सहातल्या एकात स्पाइस, म्हणजे कृत्रिम गांजासारखं रसायन, सापडलं. मुलांना वाटत होतं आपण साधं काहीतरी ओढतो आहोत. वरून ओळखू येत नाही. हे मात्र त्याला जरूर सांगा, आणि हेही सांगा की कधी ओढल्यावर डोकं गरगरलं, छातीत धडधडलं, मित्राची शुद्ध हरपली, तर आधी रुग्णवाहिका बोलावायची, मग मला, आईला, फोन करायचा, रात्री कितीही वाजलेले असोत, आणि त्या दिवशी मी काही विचारणार नाही. हे वचन दिलंत तर पाळा.

उशीखालची ती वस्तू आज-उद्याच तिथून हलवा, मुलाला सांगून हलवा. घरात चवथीला आलेली लहान पोरं असतील. रंगीत, गोड वासाचं द्रव त्यांच्या तोंडात गेलं तर ते विष आहे. शिवाय आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेट आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळ्याला बंदी आहे. आणण्या-विकण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विमानतळ मोपा असो की दाबोळी, सामानात ती घेऊन उतरणं म्हणजे बंदी असलेला माल देशात आणणं. मुलाला हे माहीतच नसणार. परत नेण्याच्या भानगडीत पडू नका आणि परसात पाचोळा पेटवतात त्यात तर मुळीच टाकू नका, आत लिथियमची बॅटरी असते, फुटते. ई-कचरा वेगळा घेतात तिथे द्या.

गोव्याला हा लढा नवा नाही. धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध इथे १९९७ साली कायदा झाला, त्यामागे डॉ. शरद वैद्य या शल्यचिकित्सकांची वर्षानुवर्षांची चिकाटी होती. ते शाळाशाळांतून बोलत. गुटख्यावरही गोव्याने बंदी आणली. तंबाखू मुळात पोर्तुगीजांबरोबर याच किनाऱ्यावरून देशात शिरली. दर पिढीत ती नवे कपडे घालून दारात येते, एवढं इथल्या म्हाताऱ्या माणसांना पक्कं ठाऊक आहे.

आणि इथे मी तुमच्या सासूबाईंकडे येते. तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण फोंडा महालातल्या त्यांच्या वयाच्या कितीतरी बायका मशेरी लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी चहाआधी बोटाने दातांना घासायची. ती लावल्याशिवाय त्यांना पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, डोकं दुखतं. सासूबाईंची तशी डबी असेल तर ती नातवापासून लपवू नका. "सकाळी पहिल्यांदा कधी लागते?" या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याइतकं नीट त्याला कुणी सांगू शकणार नाही. पहिल्यांदा कुणी बोट लावायला दिलं, कितव्या वर्षी, सोडायचा प्रयत्न केला तेव्हा काय झालं, हे आजीने तिच्या कोंकणीत, मागच्या पडवीत बसून सांगावं. तुम्ही तिथे थांबू नका. तुमच्यासमोर ती दोघं मोकळी होणार नाहीत.

सोडण्याचं गणित असं. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट, मग तीन-चार आठवड्यांत ओढ बरीच मंदावते. ओढीची प्रत्येक लाट काही मिनिटांची असते, ती मिनिटं निघाली पाहिजेत. तोंडाला आणि हाताला काम द्या. जत्रेतलं खाजं आणून ठेवा. आल्या-गुळाचं कडक खाजं चघळायला बराच वेळ लागतो, आणि परत जाताना सामानात त्याची दोन पाकिटं असू द्या. इथले नऊ दिवस या कामाला सोयीचे आहेत, कारण मित्र नाहीत, शाळेचं स्वच्छतागृह नाही, तिकडचं दुकान नाही. चिडला तर चिडू द्या, घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा की या आठवड्यात त्याच्या तोंडी लागू नका. विमानातले तास त्याला कठीण जातील, त्याच्या शेजारी तुम्ही बसा.

तिकडे गेल्यावर पहिल्या आठवड्यातच तुमच्या भागातल्या डॉक्टरांची वेळ घ्या. निकोटिनचे पॅच आणि च्युइंगम तिथे बारा वर्षांवरच्या मुलांना देता येतात, पण ते डॉक्टरांनी ठरवावं. मुलाला आत एकट्याने बोलायला द्या. शाळेतल्या नर्सचीही मदत होते. एकदा वापरून टाकायची व्हेप ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून विकायला बंदी आहे, त्यामुळे मिळत नसतील असं समजून निर्धास्त होऊ नका. पुन्हा भरता येणारी आहेतच, आणि अठराच्या खालच्याला विकणं गुन्हा असूनही ती मुलांपर्यंत पोचतात.

इतर देशांतल्या वाचकांसाठी थोडक्यात: अमेरिकेत सोडण्याच्या मदतीला १-८००-७८४-८६६९, कॅनडात १-८६६-३६६-३६६७, ऑस्ट्रेलियात १३ ७८४८. गोव्यातल्या नातेवाइकांसाठी देशाचा मोफत क्रमांक १८००-११-२३५६. ऑस्ट्रेलियात २०२४ पासून व्हेप फक्त औषधांच्या दुकानात मिळतात आणि अठराच्या आतल्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. सिंगापूरमध्ये जवळ बाळगणंही गुन्हा आहे, तिथून येताजाताना मुलांचे खिसे आणि बॅगा आधी तपासा.

तो एकदा-दोनदा घसरेल. घसरला तर तुम्हाला सांगायला येईल की लपवील, हे मासे आणायला गेलात त्या सकाळी ठरेल.

शेवटी एक करून बघा. इंग्लंडला पोचल्यावर रोज सकाळी सातला, डोळे उघडल्या-उघडल्या, त्याचा पहिला फोन आजीला जाऊ दे. इथे तेव्हा साडेअकरा वाजलेले असतील. आजीने तोवर डबी उघडायची नाही, त्याने फोन होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, एवढाच दोघांचा करार. पाच मिनिटं त्यांना बोलू द्या, काय बोलायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात. मग आजीला आणखी तासभर थांबावं लागेल, साडेबारापर्यंत. हे तिला आत्ताच सांगून ठेवा.